लक्ष्मणराव किर्लोस्कर : फुटलेल्या इंजिनापासून सुरू झालेला पाठ



आजचा पाठ मी ठरवून लिहिलेला नाही. तो माझ्या वर्गात एका पिशवीतून आला. रिसोड तालुक्यातलं आमचं रिठद हे शेतीवरचं गाव. पावसाळ्यात सोयाबीनवर फवारणीची घाई असते. अशाच दिवसांत आठवीतला एक मुलगा दप्तरासोबत एक तेलकट पिशवी घेऊन वर्गात आला. पिशवीत त्याच्या वडिलांच्या पाठीवरच्या पॉवर पंपाचं छोटं इंजिन होतं, सगळं खोललेलं. बाक काळा झाला, शेजारच्या मुलीची वही खराब झाली. मी चिडलो. हे गॅरेज नाही, शाळा आहे, असं सर्वांसमोर बोललो आणि पिशवी बाहेर ठेवायला लावली.

मधल्या सुट्टीत तो एकटाच माझ्याकडे आला. त्याच्या हातात त्या इंजिनाची ॲल्युमिनिअमची पेटी होती. तिला मेकॅनिक लोक क्रँककेस म्हणतात. पेटीला एका बाजूने बारीक तडा गेलेला. तो मला विचारायला आला होता, की ही पेटी कुठे बनते आणि ती आपल्या गावात का बनत नाही. इतका चांगला प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला मी सकाळी सर्वांसमोर बोललो होतो, हे मला तेव्हा कळलं.

त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना मला एक जुना माणूस आठवला. आपल्या शेतात नांगर, पंप आणि इंजिन पोहोचवणारा. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचं नाव आपण सगळे ओळखतो, कारण ते विहिरीवरच्या इंजिनावर कोरलेलं असतं. पण त्या नावामागचा माणूस एकेकाळी आपल्यासारखाच शिक्षक होता, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आधी ती पेटी समजून घेऊ

पाठ सुरू करण्याआधी मुलांना हे सांगणं गरजेचं आहे. नाहीतर लक्ष्मणरावांनी आयुष्यभर नेमकं काय केलं ते कळत नाही.

फवारणीच्या पंपाचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. पालकांपैकी ज्यांनी जुनी राजदूत किंवा आरएक्स शंभर चालवली असेल त्यांना तो आवाज आणि तो धूर आठवेल. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एकदा स्फोट होतो आणि ताकद मिळते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. म्हणून इंजिन लहान आणि हलकं असूनही जोर भरपूर.

यात त्या पेटीचं काम मोठं आहे. पिस्टन वर गेला की खालच्या पेटीत पोकळी तयार होते आणि हवा, पेट्रोल व तेलाचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण पेटीत दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे ही पेटी नुसतं झाकण नाही, ती स्वतःच एक पंप आहे. तिला केसाएवढा तडा गेला तरी बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. अशी पेटी वापरणारं टू-स्ट्रोक इंजिन इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास तयार केलं. तेव्हा आपले लक्ष्मणराव मुंबईत विशीतले तरुण होते.

परदेशात वाळूच्या टेकड्यांवर चार जाड चाकांच्या गाड्या पळवण्याचा खेळ आहे. त्या गाड्यांना एटीव्ही म्हणतात. तिथले हौशी कारागीर टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी मोठा सिलिंडर बसवतात. मोठा सिलिंडर बसायला पेटीचं तोंड कोरून रुंद करावं लागतं. तोंड रुंद केलं की भिंत पातळ होते, आणि वाढलेला जोर त्या पातळ भिंतीला झेपत नाही, ती फाटते. मग ते कारागीर कारखान्याची ओतीव पेटी बाजूला ठेवतात आणि ॲल्युमिनिअमच्या भरीव ठोकळ्यातून नवी, जाड भिंतीची पेटी संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनने कोरून काढतात. जिथे जोर जास्त येणार तिथे धातू जास्त ठेवायचा, जिथे नको तिथला काढून टाकायचा. इतकं साधं तत्त्व आहे.

आता लक्षात घ्या, नांगराच्या फाळापासून इंजिनाच्या पेटीपर्यंत प्रश्न एकच असतो. धातू कुठे तुटतो, का तुटतो, आणि तुटू नये म्हणून त्याला आकार कसा द्यायचा? लक्ष्मणरावांचं सगळं आयुष्य या प्रश्नाच्या मागे गेलं.

बालपण आणि घर

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही याच गावचा, म्हणजे एकाच मातीतून एक किर्लोस्कर रंगभूमीकडे गेले आणि दुसरे भट्टीकडे.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात पोथ्या, पाठांतर आणि शास्त्रचर्चा. अशा घरातल्या मुलाचं लक्ष मात्र पुस्तकांत लागत नव्हतं. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्र काढणं आणि यंत्रं पाहणं. त्या काळी शिकलेल्या घरातल्या मुलाने हातात हातोडी घेणं कमीपणाचं मानलं जायचं. हाताने काम करणारा वेगळा आणि डोक्याने काम करणारा वेगळा, अशी समाजाची वाटणीच होती. खरं सांगायचं तर ती वाटणी आजही पूर्ण गेलेली नाही. मी स्वतः त्या पिशवीवर ओरडलो तेव्हा माझ्या डोक्यात तीच होती.

मोठे भाऊ रामुअण्णा यांनी धाकट्याची ओढ ओळखली आणि त्याच्या बाजूने उभे राहिले. पालकांना मी हे मुद्दाम सांगतो. लक्ष्मणरावांच्या गोष्टीत घरातला एक तरी माणूस सुरुवातीपासून पाठीशी होता, आणि तो शेवटपर्यंत राहिला.

रंग दिसेनात, रेषा मात्र दिसल्या

१८८५ मध्ये, सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. दोन वर्षं शिकल्यावर लक्षात आलं, की त्यांना काही रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही. याला आपण रंगांधळेपणा म्हणतो. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला डोळ्यांनीच नकार दिला.

इथे वर्गात थोडं थांबावं असं मला वाटतं. मुलांना विचारावं, की तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेक मुलं सांगतात, घरी परत आलो असतो. लक्ष्मणराव परत आले नाहीत. रंग गेले तरी रेषा शिल्लक होत्या. त्यांनी रंगवणं सोडलं आणि यंत्रांची रेखाचित्रं काढणं पक्कं केलं. यंत्राच्या चित्रात रंगाला महत्त्व नसतं. तिथे माप, कोन, गोलाई आणि छेद अचूक लागतात. कागदावरची रेषा चुकली तर लोखंड चुकतं.

याच कौशल्यावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी मिळाली. आज ही संस्था वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे ते शिकवत आणि रिकाम्या वेळात संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रांजवळ उभे राहून शिकत. कोणतं यंत्र कसं खोलायचं, कसं जोडायचं, काय झिजलं की कसा आवाज येतो, हे सगळं त्यांनी तिथे हाताने शिकून घेतलं. शिकवणारा माणूस स्वतः शिकत राहिला तर त्याचं काय होतं, याचं हे उदाहरण आपल्या सर्व शिक्षकांसाठी आहे.

सायकलचं दुकान

१८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचं छोटं दुकान काढलं. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात ती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. त्या काळात सायकल ही नवलाईची वस्तू होती. तिच्यावर बसणारा माणूस पाहायला लोक जमायचे.

पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्याला दिली गेली. कारण कामाचं नव्हतं, वंशाचं होतं. परक्या राज्यात देशी माणसाची पायरी ठरलेली असायची. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. बांधलेला पगार सोडून त्यांनी सायकलच्या दुकानाच्या भरवशावर संसार टाकला. पत्नी राधाबाईंनी या सगळ्या धडपडीत त्यांना साथ दिली.

शेतकऱ्याने नाकारलेला नांगर

सायकली दुरुस्त करता करता त्यांचं लक्ष शेतीकडे वळलं. आधी त्यांनी कडबा कापण्याचं यंत्र बनवलं. आपल्याकडे जनावरांपुढे अख्ख्या पेंढ्या टाकतात, त्यातला निम्मा पायदळी जातो. कुट्टी करून टाकली तर जनावर सगळं खातं. गरज खरी होती, म्हणून यंत्र खपलं.

१९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. आणि इथे खरी परीक्षा सुरू झाली. तो नांगर कोणी घेईना. शेतकऱ्यांच्या मनात भीती बसली होती, की लोखंडाने जमीन नासते, मातीत विष उतरतं. पिढ्यान् पिढ्या गावचा सुतार बाभळीचा नांगर करून द्यायचा. मोडला तर तोच दुरुस्त करायचा आणि सुगीला आपलं बलुतं न्यायचा. या जुन्या व्यवस्थेत परक्या दुकानातलं जड लोखंड कुठे बसणार? सुमारे दोन वर्षं नांगर पडून राहिले.

मुलं इथे हसतात. शेतकरी किती अडाणी होते, असं म्हणतात. मी त्यांना थांबवतो. ज्याच्या घरचं वर्षाचं धान्य एका शेतावर अवलंबून आहे, तो नवीन वस्तू लगेच कशी घेईल? फसली तर उपाशी राहायची पाळी त्याच्यावर येणार, विकणाऱ्यावर नाही. आपल्या रिठदलाही नवं बियाणं आलं की माणूस आधी शेजाऱ्याच्या शेताकडे पाहतो. हा अडाणीपणा नाही, ही सावधगिरी आहे.

लक्ष्मणरावांचं मोठेपण असं, की त्यांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. ते शेतात गेले, नांगर चालवून दाखवला आणि कुठे अडतो ते पाहिलं. फाळ दगडाला लागून तुटतो का, लवकर झिजतो का, बैलांना ओढायला जड जातो का, हे बघून सुधारणा केल्या. ओतीव लोखंड कडक असतं पण ठिसूळही असतं. ते नुसतं कडक केलं तर दगडावर फुटतं, नुसतं मऊ ठेवलं तर महिन्यात झिजतं. या दोहोंच्या मधला मार्ग काढायला वेळ लागतो. नांगर बदलत गेला, तसं एकेका गावात चांगलं नांगरलेलं रान लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मागणी सुरू झाली.

आणखी एक हिशेब त्यांच्या ध्यानात होता. झिजणारा भाग सुटा मिळाला पाहिजे. फाळ झिजला म्हणून अख्खा नांगर फेकायची पाळी येऊ नये. आज आपल्याला स्पेअर पार्ट हा शब्द सवयीचा आहे, पण यंत्र विकणाऱ्याने नंतरही शेतकऱ्याची गरज भागवली पाहिजे हा विचार तेव्हा नवा होता.

माळरानावरचं गाव

धंदा जरा बसतोय तोच १९१० च्या जानेवारीत बेळगावची जागा सोडण्याचा हुकूम आला. नगरपालिकेला तिथे नवी वस्ती वसवायची होती. चालू कारखाना उचलून न्यायचा कुठे?

अशा वेळी औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकलेचे मोठे शौकीन होते आणि लक्ष्मणरावांचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिलं. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाने भरलेलं ओसाड माळरान. पाणी नाही, सावली नाही, आणि सापांचा सुळसुळाट.

१० मार्च १९१० रोजी त्या माळावर कामाला सुरुवात झाली. सोबत आली ती सुमारे २५ कुटुंबं. लोकांनी निवडुंग तोडले, झोपड्या घातल्या, विहीर खणली. रामुअण्णांनी वस्तीची आखणी सांभाळली. शंभुराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी अशी माणसं त्यांना मिळाली. यांतल्या अनेकांकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. फळणीकर तर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या रचनेत त्यांचं डोकं विलक्षण चालायचं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणदारीवर ठेवलं आणि त्यांनी तो विश्वास सांभाळला.

या वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. १९१० च्या महाराष्ट्रात एका कारखानदाराने असा नियम करणं आणि तो चालवणं ही लहान गोष्ट नव्हती. पुढे या गावाचं नाव किर्लोस्करवाडी झालं आणि स्टेशनलाही तेच नाव मिळालं. आज ते सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे.

तोफांचे नांगर

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. बाहेरून येणारं कच्चं लोखंड थांबलं, कोळसा मिळेना. ओतकामाच्या कारखान्यासाठी हे म्हणजे चूल आहे पण सरपणही नाही आणि पीठही नाही. तेव्हा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी पन्हाळ्यावरच्या निकामी जुन्या तोफा लक्ष्मणरावांना वितळवायला दिल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ज्या लोखंडाने किल्ला राखला, त्याच लोखंडाने पुढे शेत नांगरलं. इतिहास आणि विज्ञान एका तासात शिकवायचं असेल तर याच्यापेक्षा चांगला प्रसंग मला माहीत नाही.

मुलांना ओतकाम असं समजावतो. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा. तो ओलसर वाळूत दाबून पोकळी तयार करायची. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. थंड झाला की वाळू फोडून वस्तू बाहेर काढायची. पण ती अजून खडबडीत असते. मग लेथवर फिरवून, ड्रिलने छिद्रं पाडून, तासून तिला नेमकं माप द्यायचं. गणपतीची मूर्ती साच्यातून निघते आणि मग कारागीर डोळे आखतो, तसंच. नांगराला थोडी कमी-जास्त माप चालते. इंजिनाला चालत नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी ठेवावी लागते. म्हणून नांगर बनवणाऱ्याने इंजिन बनवायचं म्हटलं की ओतकामाबरोबर मापाचं काम शिकणं भाग पडतं.

नांगरापासून इंजिनापर्यंत

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे छोटं पत्रक सुरू केलं. त्याचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं, आणि मग स्त्री आणि मनोहर ही मासिकं निघाली. आपल्या आजी-पणजीच्या पिढीत कितीतरी घरांत ही मासिकं वाचली गेली. लोखंडाच्या कारखान्यातून मराठी वाचनाची चळवळ निघाली, हे ऐकून भाषेच्या शिक्षकांनाही बरं वाटेल.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव आणि पुतणे माधवराव अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत यंत्रशास्त्र शिकायला गेले. माधवरावांचा तिकडेच क्षयरोगाने अंत झाला. शंतनुराव १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. शाळेतलं शिक्षण अपुरं राहिलेल्या बापाने मुलाला जगातल्या उत्तम शाळेत पाठवलं आणि परत आल्यावर कारखान्यातल्या धुळीत उभं केलं. दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या.

याच काळात नांगर, कडबा कापण्याची यंत्रं, उसाचे चरक यांच्या जोडीला पाण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिनं आली. ज्या विहिरीवर बैलांची मोट चालायची, तिथे इंजिनाचा आवाज येऊ लागला. १९४१ मध्ये हरिहर इथे लेथसारखी यंत्रं बनवणारा कारखाना निघाला, म्हणजे यंत्रं घडवणारी यंत्रंच देशात होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विद्युत मोटारींचा कारखाना उभा राहिला.

सगळं सरळ झालं असं नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. चाळीस वर्षांच्या मेहनतीची राख पाहायची वेळ ऐंशीच्या घरात आलेल्या या माणसावर आली. पण कारखाना पुन्हा उभारला गेला आणि पुन्हा चालू झाला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारताच्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. डोळ्यांना रंग न ओळखू येणाऱ्या माणसाचं चित्र देशभर पत्रांवर फिरलं.

पुन्हा ती पिशवी

आता आमच्या मुलाचं काय झालं ते सांगतो. वडिलांनी ती पेटी आधी वेल्डिंगला दिली. तडा बुजला, पण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाचा पृष्ठभाग किंचित वाकडा झाला. पॅकिंग बसेना, हवा गळू लागली. इंजिन सुरू व्हायचं आणि लगेच बंद पडायचं. शेवटी त्यांनी दुसऱ्या जुन्या पंपाची पेटी शोधून बसवली. तोवर फवारणीचे चार दिवस गेले होते आणि अळीने आपलं काम केलं होतं. शेतकऱ्याच्या घरात केसाएवढ्या तड्याची किंमत अशी मोजावी लागते.

फुटकी पेटी मात्र मी त्याच्याकडून शाळेसाठी मागून घेतली. आधी सर्व वर्गासमोर त्याची माफी मागितली, कारण बोललोही सर्वांसमोरच होतो. मग स्वच्छ धुऊन ती टेबलावर ठेवली. त्याने व्हर्निअर कॅलिपरने मापं घेऊन तिचं रेखाचित्र काढलं. पहिल्या चित्रात एका बोल्टचं छिद्र चुकीच्या जागी गेलं. मी काही न बोलता चित्र पेटीवर ठेवलं. त्याने पाहिलं आणि खोडलं. दुसऱ्या दिवशी नवीन चित्र आणलं, ते जुळलं. जी मुलगी वही खराब झाली म्हणून रडली होती, तिनेच त्याला छेदाचं चित्र काढायला मदत केली.

त्याने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे ही पेटी आपल्या गावात का बनत नाही याचं, मी त्याला असं दिलं. पेटी बनवायला भट्टी, लेथ आणि वीज लागते हे खरं. पण त्याआधी ती मोजणारा आणि कागदावर बरोबर काढणारा माणूस लागतो. तो गावात तयार होऊ शकतो, शाळेत तयार होऊ शकतो. कुंडलच्या माळावरही १९१० च्या आधी निवडुंगच होते.

वर्गात काय घेता येईल

१. घरातलं एक मोडकं अवजार आणायला सांगा. ते नेमकं कुठे मोडलं आणि तिथेच का मोडलं, हे मुलांनी लिहावं.

२. आजोबांना विचारा : आपल्या घरी लाकडी नांगर कधीपर्यंत होता? विहिरीवर पहिलं इंजिन कोणत्या साली आलं? उत्तरं एका तक्त्यात मांडा.

३. ओल्या वाळूत वाटी किंवा चावी दाबून साचा करा आणि त्यात मेण ओता. वितळलेलं मेण शिक्षकांनी स्वतः ओतावं, मुलांच्या हाती देऊ नये.

४. सायकलच्या एका नटाचं वरून, समोरून आणि बाजूने असं तीन दिशांनी चित्र काढा.

५. लोखंडी नांगर दोन वर्षं न घेणारा शेतकरी बरोबर होता की चूक? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच वाक्यं लिहा.

पालकांना दोन शब्द

आपल्या मुलाने घड्याळ खोललं, रेडिओ उघडला, गाडीचा स्पार्क प्लग काढून पाहिला, की आपण आधी रागावतो. वस्तू खराब होईल ही भीती बरोबर आहे. पण त्याला शेजारी बसवून, खोललेले भाग क्रमाने ठेव आणि परत जोड, एवढं सांगितलं तर तेही शिक्षणच आहे. आणि यंत्राची आवड आहे म्हणून शाळा सोडवू नका. लक्ष्मणरावांना रेखाटन येत होतं म्हणून त्यांचे हात कामाला आले. गणित, भूमिती आणि वाचता येणारी भाषा नसेल तर चांगला हातसुद्धा दुसऱ्याने आखलेल्या रेषेवरच चालत राहतो.

एखादं मूल एका विषयात मागे पडलं तर त्याच्यासाठी जवळपास दुसरं दार आहे का, ते आपण शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून शोधू. चित्रकलेच्या वर्गातून बाहेर पडलेला एक मुलगा देशाला नांगर आणि इंजिन देऊन गेला.

ती तडा गेलेली पेटी आमच्या वर्गातल्या कपाटावर आहे. रिठदला आलात तर जरूर पाहायला या. तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय काय मोडकं आणलं, तेही नक्की कळवा.